ही गाडी कुठली?

माझं आजचं काम ज्यांच्या जिवावर उभं आहे, त्यांतल्या बहुतेकांनी ‘डिझाइन’ हा शब्द आयुष्यात कधी वापरला नसेल. मी अक्षरं काढते. फाँट, पाट्या, अर्जाचे नमुने, रुग्णालयांतले दिशा दाखवणारे फलक, असं जे जे लोकांना उभ्या-उभ्या, घाईत वाचावं लागतं, ते बरंचसं माझ्याकडे येतं. या धंद्यात नव्याने आलेली मुलं-मुली अधूनमधून भेटायला येतात. दोन-तीन वर्षांतच दमलेली असतात. एकाच साबणाचं वेष्टन पुन्हा पुन्हा बदलून झालेलं असतं आणि तरीही मोठ्या साहेबांना ते ‘अजून जरा वेगळं’ हवं असतं. मग ती विचारतात, ताई, हे सगळं शेवटी कशासाठी करायचं? त्यांना उत्तर द्यायचं तर मी ज्यांचं देणं लागते ती माणसं सांगावी लागतात. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

सगळ्यात मोठं देणं मामांचं. वडील गेल्यावर आई आम्हा भावंडांना घेऊन मिरजेला माहेरी आली. मामा एसटीच्या कार्यशाळेत पेंटर होते. दिवसा गाड्यांच्या आत-बाहेर ‘महिलांसाठी राखीव’, ‘चालकाशी बोलू नये’, ‘सुटे पैसे द्यावेत’ लिहायचे आणि संध्याकाळी घरी गावातल्या दुकानांचे बोर्ड रंगवायचे. गाडीच्या पुढच्या काचेत लावायच्या गावांच्या पाट्या करण्यात मात्र त्यांचा खरा जीव. काम घाईचं असलं की त्या पाट्या घरच्या अंगणात येत.

पत्रा घासून घ्यायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, वर पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात. पहिला पुरता वाळल्याशिवाय दुसरा नाही. मग खडूत घोळवलेला दोरा. एक टोक मी धरायचं, एक त्यांनी, मधे चिमटीत उचलून सोडला की पत्र्यावर रेघ उमटायची. अशा चार रेघा: मात्रेच्या माथ्याची, शिरोरेषेची, अक्षराच्या पायाची आणि उकाराच्या तळाची. गावाचं नाव ते आधी ओठांतल्या ओठांत दोन-तीनदा म्हणत. मला वाटायचं देवाचं नाव घेतात. पुढे कळलं, ते जागा वाटत होते. ‘मिरज’ला किती, ‘कवठेमहांकाळ’ला किती, ‘र’ला कमी, ‘ळ’ला जास्त. डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला चिंधीचा गोळा, त्यावर उजवं मनगट टेकलेलं, आणि मऊ केसांचा चपटा ब्रश. आधी उभे दांडे, मग पोटं, मग मात्रा-वेलांट्या. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, एका दमात. अक्षरं बाकी कितीही चांगली आली तरी शिरोरेषेला हात कापला की ते सगळी पाटी टर्पेंटाइनने पुसून टाकत.

नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं वर्तमानपत्रातून कापून त्यांनी एका वहीत चिकटवली होती. शेडग्यांचं नाव ते गुरूचं घ्यावं तसं घेत. भेट कधीच झाली नव्हती. सराफाच्या बोर्डावर त्यांनी त्या वळणांची हौस पुरेपूर भागवून घेतली. एसटीच्या पाटीवर ती वळणं कधी आली नाहीत. तिथलं अक्षर साधं, उघड्या तोंडाचं, पण तेही देखणंच. माझ्या क्षेत्रात सुंदर आणि उपयोगी यांच्यात भांडण लावून द्यायची फार जुनी खोड आहे. मामांच्या अंगणात मी ते भांडण कधी पाहिलं नाही. सराफाचे पैसे जास्त मिळत आणि एसटीसाठी ‘विटा’ची पाटी लिहिण्याचे वेगळे मिळतच नसत, पण घासलेला पत्रा आणि वाळू दिलेला रंग दोन्हीकडे सारखाच.

दुसरं देणं आजीचं, म्हणजे मामांच्या आईचं. तिला वाचता येत नव्हतं. तिचा मुलगा गावोगावच्या पाट्या लिहायचा आणि तीच स्टँडवर उभी राहून ज्याला-त्याला विचारायची, “ही गाडी कुठली?” मी तिच्याबरोबर असायचे. कुणी नीट सांगायचं. कुणी गाडीकडे नुसती मान हलवायचं. कुणी म्हणायचं, “पाटी लावलीया की समोर!” हे उत्तर आलं की आजी पदर सारखा करून दुसऱ्या माणसाकडे वळायची, चेहऱ्यावर काही न दाखवता. मला तेव्हा त्या माणसाचा राग यायचा. आज वाटतं, आजीने ते किती वर्षं गिळलं असेल.

राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत मोहीम आमच्या गल्लीपर्यंत आली. ती होती १५ ते ३५ वयोगटासाठी. आजीने साठी ओलांडली होती. पण वर्ग आमच्याच ओसरीवर भरायचा, तेव्हा तिला उठवणार कोण? तीन भागांची वाचनपुस्तिका असायची. तिने पहिल्या भागालाच इतरांच्या दुप्पट वेळ लावला, पण सोडलं नाही. मामांनी यावर चकार शब्द काढला नाही. फक्त एक नवीन पद्धत पाडली. पाटी लिहून झाली की दिवेलागणीला ती अंगणाच्या टोकाला, पेरूच्या झाडाला टेकवून ठेवायची आणि आजीला ओसरीवरून वाचायला सांगायचं. ओसरीवर चाळीसचा पिवळा दिवा. त्याचा उजेड पेरूपर्यंत जेमतेम पोचायचा. मामा म्हणत, स्टँडवर तरी याहून जास्त उजेड कुठं असतो?

त्यातली एक संध्याकाळ माझ्या पुढच्या सगळ्या शिक्षणाला पुरली. पाटी होती ‘खानापूर’. आजी डोळे बारीक करून एकेक अक्षर उचलत म्हणाली, “र… वा… ना… पूर. रवानापूर. हे कुठलं रं नवीन गाव?”

आम्ही मुलं हसलो. मामा हसले नाहीत. पाटीजवळ जाऊन उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आईचं बरोबर हाय. मीच र काढलाय, आन शेजारी व.”

जुन्या वळणाच्या ‘ख’मध्ये ‘र’ आणि ‘व’ एकमेकांपासून सुटे असतात. ज्याला नाव आधीच ठाऊक आहे तो ‘खानापूर’च वाचतो, कारण तो वाचतच नसतो, ओळखत असतो. ज्याला खरोखर वाचूनच समजून घ्यायचंय, त्याला तिथे दोन अक्षरं दिसतात. मामांनी ‘र’ची शेपटी खाली ओढून ‘व’च्या पोटाला जोडली. दुसऱ्या दिवशी आजीने न अडखळता वाचलं. त्यानंतर मामांच्या हातून सुटा ‘ख’ पुन्हा उतरला नाही.

ऱ्हस्व वेलांटीचंही असंच. ‘विटा’मधली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. नव्याने वाचणाऱ्याला हा उलटा प्रवास फार छळतो. तो सुटा दांडा दिसला की आजीला ते वेगळंच अक्षर वाटायचं. मामांनी काय केलं, तर वेलांटीची कमान लांबवून थेट ‘व’च्या दांड्यावर आणून टेकवली. मग आजीला दोन्ही मिळून एक दिसायला लागलं.

या गोष्टी मामा कुठे शिकले नव्हते. पुढे मी मुंबईला सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकायला गेले तेव्हा बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा १९७१चा त्रिखंडात्मक ग्रंथ हाती लागला. शासकीय मुद्रणालयात आयुष्य घालवलेल्या माणसाने खिळ्यांचा, वळणांचा, लिपीसुधारणेच्या वादांचा केवढा तरी पसारा त्यात मांडून ठेवलाय. सुट्या ‘ख’चा घोटाळा लिपीच्या प्रमाणीकरणात किती गंभीरपणे चर्चिला गेला होता, हे तेव्हा कळलं. पंडितांच्या समित्यांनी जे ठरवलं, तिथे माझे मामा आपल्या आईचं बोट धरून पोचले होते. मला तेव्हा जो अभिमान वाटला, तो अजून तसाच आहे. माझी फी, खोलीचं भाडं, ब्रश-रंगांचा खर्च मामांच्या जादा कामातून आला. तो हिशेब त्यांनी कधी काढला नाही आणि मला काढू दिला नाही.

नंतरची काही वर्षं जाहिरात कंपनीत गेली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. काम करायची शिस्त तिथे लागली. एका बड्या ग्राहकाच्या औषधी मलमाच्या डबीवर मराठीतला वापराचा मजकूर इतका बारीक करायला लावला, की तो छापलाय एवढंच सिद्ध व्हावं. नियम पाळला गेला होता, वाचणाऱ्याचं काय ते कुणी विचारत नव्हतं. मी विचारलं. ते काम दुसऱ्याकडे गेलं. थोड्याच दिवसांत मी ती नोकरी सोडली.

तिसरं देणं एका मावशींचं. एका सरकारी रुग्णालयातले फलक नव्याने करायचं काम एका सेवाभावी संस्थेमार्फत माझ्याकडे आलं. त्या मावशी केसपेपरच्या खिडकीजवळ स्टुलावर बसायच्या. त्यांचं नेमून दिलेलं काम निराळंच होतं, पण दिवसभर लोक येऊन त्यांनाच विचारायचे. मी फलकांची यादी घेऊन गेले. बाह्यरुग्ण विभाग, क्ष-किरण विभाग, रक्तपेढी, औषध वितरण कक्ष. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे हो. पण असं कुणी विचारत नाही.”

मग मी माझं टेबल-खुर्ची विसरून त्यांच्या शेजारी बसले. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून घेतलं. फोटो कुठं काढत्यात? रगत कुठं द्यायचं? चिठ्ठीवर शिक्का कुठं मिळतो? बाळंतिणीच्या माणसानं कुठं बसायचं? गोळ्या कुठल्या खिडकीला? क्ष-किरण कुणीही विचारला नाही. खेड्यातल्या माणसाच्या लेखी तो फोटोच. शेवटी फलकावर ‘एक्स-रे फोटो’ असं लिहिलं आणि कार्यालयाची त्यावर मंजुरी मिळवण्यात बरेच हेलपाटे घातले. ते सार्थकी लागले.

बाणाचंही मावशींनीच दाखवून दिलं. सरळ पुढे जा, हे सांगायला आम्ही वर तोंड केलेला बाण काढतो. तो बघून लोक जिना शोधायचे. मावशींना हे रोज दिसत होतं. आम्ही अशा ठिकाणी बाण काढून टाकला आणि केसपेपरच्या खिडकीपासून फरशीवर रंगीत पट्टा ओढला, थेट त्या दारापर्यंत. इंग्रजी-मराठी शेजारी-शेजारी लिहिताना आणखी एक गोष्ट कायमची मनावर घेतली. देवनागरीत मात्रेला वर आणि उकाराला खाली जागा द्यावी लागते, म्हणून दोन्ही ओळींची एकूण उंची सारखी ठेवली तर मराठी अक्षराचं अंग लहान पडतं आणि इंग्रजी मोठं दिसतं. आपल्याकडच्या कितीतरी फलकांवर नेमकं तेच झालेलं असतं. ज्याला मराठीच येते, त्यालाच मग जवळ जाऊन बघावं लागतं.

मी एकदा मावशींना म्हटलं, एवढं करूनही लोक तुम्हाला विचारणारच की. त्या म्हणाल्या, “विचारू देत. मी सांगतेच. पण निम्मे विचारतच नाहीत. लाज वाटती त्यांना. सकाळी आलेला माणूस दुपारपर्यंत चुकीच्या दारात बसून राहतो.”

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातला गोंधळ बराच निवळला. विचारण्यात वाईट काही नाही. आपल्याकडे रस्ता विचारता-विचारता माणसं एकमेकांची सोयरी निघतात. पण विचारल्याशिवाय गत्यंतरच नाही, आणि समोरचा कसा बोलेल याचा भरवसा नाही, अशा जागी माणसाला उभं करणं वाईट. ते टाळता येतं, आणि ज्यांना टाळता येतं त्यांत मी एक आहे. माझ्या कामाचं शेवटचं टोक मला तिथे दिसतं: जिला नुकतं वाचता यायला लागलंय, जिची नजर अधू झालीय, जिच्या कडेवर पोर आहे आणि हातात पिशवी, तिला मान वर करून स्वतःचं स्वतः कळावं. पैसे देणारा ग्राहक वेगळा असतो, त्याचं काम चोख करायचंच. पण माझं उत्तरदायित्व तिच्याशी आहे, कारण मला शिकवलं तिनेच.

आणखी एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. र. कृ. जोशी. त्यांची माझी कधी भेट झाली नाही. जे. जे. मध्ये शिकलेले, उल्का या जाहिरात संस्थेत नाव कमावलेले, नंतर पवईच्या आयआयटीत, आयडीसी या तिथल्या डिझाइन विभागात शिकवणारे, आणि कवीसुद्धा. २००८ साली ते गेले. जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत असताना त्यांनी भारतीय लिप्यांच्या फाँटवर जे काम केलं, त्यातूनच विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ उभा राहिला. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या मराठी फाँटची तऱ्हा निराळी; एका संगणकावर टंकलेलं पत्र दुसऱ्यावर उघडलं की नुसती चिन्हांची रांग दिसायची. युनिकोड आलं आणि त्याबरोबर वाचता येईल असं अक्षर संगणकातच मिळू लागलं, वेगळा फाँट विकत न घेता. त्या काळच्या पडद्यावर ठिपके मोजकेच असायचे. तेवढ्यात ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ बसवायचे, शिरोरेषा एका ठिपक्याच्या जाडीची ठेवायची आणि तरी पोटं बुजू द्यायची नाहीत, हे काम किती चिवट असेल ते करणाऱ्यालाच कळतं. आज मंगलला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मी ठेवत नाही. अर्ज, दाखले, निकालपत्रं, गावाकडच्या सायबर कॅफेत टंकलेली पत्रं, किती मराठी त्या अक्षरातून वाहिलं असेल, याची मोजदाद कोण करणार?

आता मी ज्या गटाबरोबर फाँटवर काम करते, तिथे एका देवनागरी फाँटमध्ये ८००च्या आसपास आकार सहज होतात. त्यांत एकट्या ऱ्हस्व वेलांटीचेच कितीतरी: अरुंद ‘र’साठी आखूड कमान, रुंद जोडाक्षरासाठी लांब, प्रत्येक वेळी ती बरोबर दांड्यावर उतरली पाहिजे. यंत्र ती आपोआप निवडतं. प्रत्येक रुंदी तपासताना मला ‘विटा’ची पाटी आठवते. मराठी ‘ल’ आणि ‘श’ची वळणं हिंदीहून वेगळी. शासनाने २००९च्या निर्णयात मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप सांगितलंय, आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे फाँटला कळलं तर तो ती वळणं आपोआप देऊ शकतो. तरीही पुस्तिकेत एक ‘ल’ आणि विजेच्या बिलावर दुसराच ‘ल’, असं नवसाक्षर बाईच्या वाट्याला अजून येतंच. सरावलेल्या वाचकाला तो फरक जाणवतही नाही. तिला वाटतं, आपल्यालाच नीट येत नाही.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ती वर्तमानपत्राचे मथळे आणि निधनवार्ता वाचत असे. पंढरपूरला एकटी जाऊन आली तेव्हा मामांनी विचारलं, गाडी सापडली का? तिला त्या प्रश्नाचाच राग आला. “न सापडायला काय झालं? लिहिलंय की पाटीवर.”

मामा निवृत्त झाले. हात थरथरतो, ब्रश धरवत नाही, नजर मात्र अजून तिखट. स्टँडवर गेले की नव्या गाड्यांवरची एलईडीची गावं वाचत उभे राहतात आणि मला फोन करतात. “उकार कापलाय गं. ‘पूर’चं ‘पर’ झालंय.” त्यांचं खरं असतं. अशा पट्टीत उंचीला बहुधा १६ ठिपके मिळतात. इंग्रजीला ते भरपूर होतात. देवनागरीला तेवढ्यातच मात्रा, शिरोरेषा, अंग आणि उकार बसवायचे असतात. मग कुणीतरी अंग मोठं दिसावं म्हणून खालचं छाटून टाकतं.

सध्या मी त्या १६ ठिपक्यांवर काम करतेय. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसेही दिलेले नाहीत. शिरोरेषेला एक, वर तीन, अंगाला नऊ, खाली तीन, अशी वाटणी करून पाहिली. ‘मिरज’ छान येतं, ‘सांगली’ येतं, ‘कोल्हापूर’ला ‘ल्हा’ दाटतो. ‘ख’ची शेपटी जोडायला एक ठिपका लागतो आणि तो दिला की ‘व’चं पोट बुजतं. मामांना छापील कागद पाठवले, तर त्यांनी ‘र’ थोडा वर उचलून बघ असं सुचवलंय. ते जमेलसं दिसतंय. गावांची नावं बदलत राहतात, पण पहिली यादी मी त्यांच्या जुन्या पाट्यांचीच घेतलीय: विटा, खानापूर, तासगाव, जत, कवठेमहांकाळ, पंढरपूर. गावाकडे ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमातला प्रौढांचा वर्ग चालतो, तिथल्या बाईंशी बोलणं झालंय. पावसाळा ओसरला की वर्गातल्या बायकांना संध्याकाळी उशिरा बोलवायचं, पट्टी अंगणाच्या त्या टोकाला लावायची आणि त्यांना ओसरीवरून वाचायला सांगायचं. त्या अडतील तिथे मामांनी खूण करायची आणि मी ठिपका हलवायचा, असं आमचं ठरलंय.